दिव्यांचें प्रदर्शन आणि दिवसांचा हिशेब

मंगलकार्यांत आचारी उत्तम, वाढपी तत्पर, आणि तरीहि पंगत खोळंबली, असा अनुभव कोणत्या घरास नाहीं? एकाचें काम दुसऱ्याच्या हातीं वेळेवर पडलें नाहीं कीं असें होतें. गेल्या वर्षीं शाळेंतील मुलांचें एक छोटें प्रदर्शन उभें करवितांना या गोष्टीचा आम्हांस निकट परिचय घडला.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांतील दिवे पाहून आलेल्या नववीच्या मुलांनीं घरोघरच्या जुन्या दिव्यांचें प्रदर्शन मांडण्याचें ठरविलें. कै. दिनकर केळकर यांनीं सुमारें १९२० पासून जमविलेला तो संग्रह १९७५ सालीं महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. समई, अडकित्ता अशा घरगुती वस्तूंसहि मान असतो, हें मुलें तेथें शिकलीं. त्यांचे चार गट पडले: पहिला माहिती जमविणार, दुसरा कपाटें करणार, तिसरा पाट्या लिहिणार, चौथा पाहुण्यांस समजावून सांगणार.

प्रत्येक गटाचें वेळापत्रक चोख होतें. परंतु चारहि एकत्र ठेवतांच विसंगति दिसली. आषाढांतल्या दिव्यांच्या अवसेस हेच दिवे घरोघर पाटावर पूजेस लागणार. तेव्हां आदल्या सायंकाळीं ते परत पोंचविणें ही शेवटची तारीख. तेथून आम्हीं उलट मोजलें. नव्या लाकडाच्या व ताज्या रंगाच्या वाफेनें धातूस डाग पडण्याचा संभव, म्हणून रंगविलेलीं कपाटें कांहीं दिवस उघडीं ठेवणें भाग. ते दिवस कोणाच्याहि घाईनें कमी होत नाहींत.

इतक्यांत पहिल्या गटांतील एका मुलीची नोंद अडली. तिच्या घरच्या लामणदिव्याची हकीकत एकट्या आजीस ठाऊक, आणि आजी तापानें अंथरुणास खिळलेली. कपाटवाल्यांनीं तो दिवा वगळण्याचा आग्रह धरला. मुलगी रडकुंडीस आली. आम्हीं कपाटवाल्यांस एवढेंच विचारलें, "तुम्हांस हकीकत हवी, कीं साखळीची लांबी?" माप त्याच दिवशीं मिळालें, हकीकत चार दिवसांनीं आली. आजीच्या माहेरीं तो देवघरापुढें टांगलेला असे, आणि तें घर मोडल्यावर तेवढाच तिच्याकडे आला. पाटीवर हीं दोन वाक्यें लिहिलीं गेलीं. पाहुणे सर्वांत अधिक वेळ तेथेंच थांबले.

पुढच्यास आपल्याकडून नेमकें काय हवें व केव्हां हवें, हें आधीं विचारून घेणें हा वेळापत्रकाचा प्राण होय. एकत्र कुटुंबांतील स्वयंपाकघर याच रीतीनें चालतें: एकीची भाजी चिरून झाल्यावर दुसरीची फोडणी. दिलेली तारीख पाळण्यांत आपल्यामागून काम करणाऱ्याचा मान राखला जातो, एवढें जरी मुलांच्या मनावर ठसलें असेल, तरी दिवे आपापल्या घरीं गेल्यावरहि प्रदर्शनाचें कांहीं शिल्लक उरलें, असें आम्ही समजतों.