अधांतरी रणगाडा

वडील तासगाव तालुक्यात भूकरमापक होते. एकाच बांधाचे दोन नकाशे घेऊन दोन खातेदार आमच्या ओसरीवर तंटत बसले, म्हणजे हक्क कोणाचा या प्रश्नाला हात न घालता ते प्रथम एवढेच विचारीत, की दोन्ही मोजण्या कोणत्या दगडापासून धरल्या. युद्धसरावाची निरनिराळी यंत्रे एकमेकांस जोडण्याच्या माझ्या नोकरीतही हाच प्रश्न पुढे जन्मभर पुरला.

या विद्येत लढाई तीन परींची. लाइव्ह म्हणजे खरा जवान खऱ्या माळावर, गोळीऐवजी लेसरची तिरीप सोडणारा. व्हर्च्युअल म्हणजे तोच जवान सिम्युलेटरच्या बंद पेटीत. आणि कन्स्ट्रक्टिव्ह म्हणजे संगणकातल्या पलटणी, ज्यांनी अधिकाऱ्याच्या हुकमाबरहुकूम चालावे आणि मुकाट मरावे. यंत्रायंत्रांतील बोलणीचालणीचा करारनामा १९९३ साली आयईईई १२७८ या क्रमांकाने दफ्तरी दाखल झाला, आणि त्यातली खुबी मला फार आवडे: प्रत्येक यंत्र दुसऱ्याच्या रणगाड्याची जागा त्याच्या वेगावरून स्वतःच ताडीत राहते, आणि अंदाज ठरल्या मर्यादेपलीकडे चुकला तरच, नाहीतर सामान्यतः पाच सेकंदांनी, खरी खबर येते. ऋषिपंचमीस गणपतीचा रथ ओढताना दोराच्या टोकाशी असलेल्या आम्हा पोरांना मागचा रथ असाच हाताला लागणाऱ्या ताणावरून कळे.

पण खबर वेळेवर आली तरी भूमी एक हवी. एका सरावात कन्स्ट्रक्टिव्ह बाजूची टेकडी ढोबळ नकाशावरून घेतलेली आणि पेटीतली बारीक मोजणीची. परिणामी शत्रूचा रणगाडा, जो वास्तविक उंचवट्याआड दडलेला, तो आमच्या तोपचीच्या दुर्बिणीत जमिनीपासून चांगला हातभर वर, अधांतरी तरंगताना दिसला, आणि त्याने तो पहिल्याच गोळ्यात टिपला. तिकडे माळावर नेम अचूक असूनही एका जवानाची तिरीप बाभळीच्या डहाळीने अडवली, जी खऱ्या गोळीने सहज उडवली असती. मूल्यमापनाच्या तक्त्यावर एकाला शाबासकी, दुसऱ्याला ठपका! मी दोन्ही शेरे खोडले. वरिष्ठ रुष्ट झाले, आणि त्यांची अडचणही खरी होती, कारण सायंकाळी गुणांची बेरीज वर पाठवायची होती.

टेकडी दुरुस्त करून दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग पुन्हा लावला. तोपचीने दुर्बिणीला डोळा लावला, आडवी नजर फिरवली, पुन्हा फिरवली.

"साहेब," तो म्हणाला, "कालचा रणगाडा कुठाय?"