नांव ठाऊक, पत्ता ठाऊक नाहीं

जो दुखणाईत रोज तापानें फणफणतो त्याची चिकित्सा वैद्यास सोपी जाते. परंतु ज्याचा ताप वैद्य दारीं येतांच उतरतो व त्याची पाठ वळतांच पुन्हां चढतो, त्याचें निदान मोठें कठीण. वाशीम येथील आमच्या घरच्या इंटरनेटला गेल्या पावसाळ्यांत असाच एकांतरा ताप जडला होता. पुरवठादाराचा माणूस दोन वेळां येऊन गेला. दोन्ही वेळां सारें सुरळीत चाललें, आणि 'दोष नाहीं' असा शेरा देऊन तो परतला.

ही केवळ गैरसोय असती तर ती आम्हीं सोसली असती. परंतु आमचे धाकटे बंधू व भावजय पुण्याहून येथें येऊन राहिलीं तीं वडिलांच्या उतारवयाकडे पाहून. आणि भावजयीची नोकरी घरीं बसून करावयाची. कामाचें संकेतस्थळ ऐन वेळीं उघडेना, तेव्हां वरिष्ठांकडून विचारणा होऊं लागली आणि पुण्यास परतण्याची भाषा घरांत कानीं येऊं लागली. वडील कांहीं बोलत नसत. पण जेवतांना त्यांचें लक्ष ताटावर नसे.

तर्कांस तोटा नव्हता. मातोश्रींनीं दोष गच्चीवरील माकडांस दिला, बंधूंनीं पावसास, मुलांनीं राऊटरास. राऊटर बंद करून चालू केला म्हणजे कधीं काम होई, कधीं न होई. आणि जो नवस अधूनमधून फळतो त्यावरच श्रद्धा अधिक बसते!

एके सायंकाळीं मात्र एक विसंगति लक्षांत आली. माजघरांत मातोश्री परदेशीं असलेल्या आमच्या भगिनीशीं अर्धा तास अखंड बोलत होत्या, आणि त्याच वेळीं शेजारच्या खोलींत भावजयीचें काम अडून बसलें होतें. तारच तुटती तर बोलणेंहि तुटलें असतें.

येथें थोडें शास्त्र सांगणें प्राप्त आहे. प्रत्येक संकेतस्थळाचा खरा पत्ता आंकड्यांचा असतो. नांव हें आपल्या सोयीसाठीं. नांवावरून आंकडा शोधून देणाऱ्या व्यवस्थेस डीएनएस म्हणतात. प्रारंभीं सर्व नांवांची एकच यादी अमेरिकेंतील स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेंत ठेवीत. ती आवरेना, म्हणून १९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस यांनीं हें काम अनेकांत वांटून देणारी व्यवस्था योजिली. आपल्या गांवाचेंच पाहा. वाकाटकांच्या ताम्रपटांतील वत्सगुल्म, इंग्रजी दप्तरांतील बासीम आणि आजचें वाशीम हें एकच. परंतु सांगणारा जाणता जवळ नसेल तर नुसत्या नांवानें वाटसरू पोहोंचावयाचा नाहीं. हा पत्ता आरंभीं एकदांच विचारावा लागतो. तो कळल्यावर चालू संभाषणास अडथळा येत नाहीं. मातोश्रींचें बोलणें तुटलें नाहीं तें यामुळेंच.

तेव्हां आम्हीं परीक्षा आरंभिली. संगणकावरून ८.८.८.८ या आंकड्यास पिंग केलें. उत्तर प्रत्येक वेळीं आलें. म्हणजे वाट मोकळी होती. मग पुरवठादारानें नेमून दिलेले दोन नामसेवक राऊटरांत पाहिले, आणि एनएसलुकअप या आज्ञेनें दोघांसहि वेगवेगळें, तेंच नांव विचारलें. दर पंधरा मिनिटांनीं मुलांनीं पाळीपाळीनें हें केलें व उत्तर वेळेसह वहींत टिपलें. रात्रीं वही वाचतांच निदान हातीं आलें. दुसरा सेवक दिवसभर उत्तर देत होता; पहिला दुपारीं व सायंकाळीं वारंवार मौन धरीत होता. प्रश्न पहिल्याकडे गेला कीं काम खोळंबे, दुसऱ्याकडे गेला कीं चाले!

उपाय दोन मिनिटांचा ठरला. राऊटरांत जुन्या दोन आंकड्यांच्या जागीं क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ व गूगलचा ८.८.८.८ घातला. दोन निरनिराळ्या संस्था मुद्दाम निवडल्या, कीं एक थकली तरी दुसरी उभी राहावी. मात्र ज्यास पत्ता विचारावा त्यास आपण कोठें जातों हेंहि कळतें. म्हणून हा बदल घरांत सर्वांस सांगून, त्यांच्या संमतीनेंच केला. वहीची नक्कल पुरवठादाराकडेहि पाठविली.

त्यास आतां दोन महिने झाले. भावजयीचें काम बिनतक्रार चाललें आहे, आणि पुण्याची भाषा घरांत कोणी काढीत नाहीं. ज्यांच्या घरीं असा लपंडाव चालू असेल त्यांनीं यंत्र बदलण्यापूर्वीं, अथवा एकमेकांवर रागावण्यापूर्वीं, एक दिवस वही घालून पाहावी. रोज न दिसणारा दोष तर्कानें क्वचितच सांपडतो. वेळ टिपून ठेवली म्हणजे तो बहुधा आपली जागा आपणच दाखवितो.