दूधसागरच्या कमानी

वणीच्या सायडिंगवर कोळशाची रेक भरून घेण्यात माझी सारी नोकरी सरली. त्यामुळे दूधसागरला सगळे धबधबा बघत होते, तेव्हा माझी नजर गेली ती पुलावर.

खालून तो नीट दिसतो. पावसाळा सरला की घाटाखालच्या कुळे गावाहून जीपगाड्या सुटतात. अंगात भाड्याचं लाइफ जॅकेट, वाटेत ओढ्याचं पाणी चाकांवर चढलेलं, शेवटी दगडाधोंड्यांतून पायी. झाडी सरली आणि ३१० मीटर उंचीचा तो पांढरा लोट एकदम समोर आला. त्याच्या अंगावर आडवा, दगडी कमानींचा रेल्वेपूल. वरून कोसळलेलं पाणी कमानींखालून निघतं आणि पुन्हा दरीत उडी घेतं. तेवढ्यात वर मालगाडी आली. "अजी, पाहा नं, पाण्यातूनच चालली का काय गाडी!" बायको म्हणाली. 'चेन्नई एक्स्प्रेस' आल्यापासून ही जागा घरोघरी ठाऊक झाली आहे, पण पडद्यावर त्या दरीची खोली कळत नाही.

गोव्यात पोर्तुगीज होते, घाटावर इंग्रज. दोघांत १८७८ साली तह झाला, मुरगाव बंदर घाटमाथ्याशी जोडायचं ठरलं आणि १८८८ मध्ये रूळ माथ्यावरच्या कॅसलरॉकपर्यंत पोचले. तेव्हा मीटरगेज होतं. ब्रॉडगेज झालं १९९०च्या दशकात. चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. सह्याद्रीच्या पावसात, असल्या कड्यावर दगडी कमान उभी करणाऱ्यांना मी मनापासून मानतो. वर भार आला की कमानीचे दगड एकमेकांना आणखी घट्ट दाबतात आणि तो भार दोन्ही बाजूंच्या पायांत उतरवतात.

परतीला मडगावहून दुपारची गोवा एक्स्प्रेस धरली. कुळ्याला मागून जादा इंजिनं लागली आणि गाडी दमानं चढू लागली. पूल आला तसे सगळे एका बाजूच्या खिडक्यांशी दाटले. तुषार गजांतून आत आले, चष्मा ओला झाला. मी दुसऱ्या बाजूला गेलो. तिकडे नुसती दरी, आणि तळाशी आदल्या दिवशी आम्ही उभे होतो ते खडक. पूल संपला, पोरं अजून दारात लोंबकळत होती. त्यांना मी आत ओढलं.

पुढे एका स्टेशनात कोळशाची रेक उभी होती. मुरगावला परदेशातून उतरलेला कोळसा याच घाटानं कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. आमचा वणीचा कोळसा वीजकेंद्रांत जळतो. पोलादाला कोकिंग कोळसा लागतो, तो वेगळा. समोर बसलेले गोव्याचे गृहस्थ म्हणाले, "ह्या कोळशासाठीच दुसरा रूळ टाकायचा होता." कुळे ते कॅसलरॉक दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळानं दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये रद्द केली. माझं घर कोळशावर चाललं, पोरांची शिक्षणं त्यावर झाली. तरीही मला तो निकाल पटला, आणि मी त्यांना तसं सांगितलं. खाणीसाठी गावं उठलेली, रस्त्याकडेच्या कपाशीवर काळी धूळ बसलेली मी वणीत पाहिली आहे. हा घाट ज्यातून जातो त्या मोल्याच्या जंगलात ती नको.