सामान सांभाळणाऱ्याची सहल

कल्याण पूर्वेला कोळसेवाडीत आमचे घर. अंबरनाथच्या एका कारखान्यात छत्तीस वर्षे नोकरी केली आणि २०२३ साली निवृत्त झालो. जुलै २०२५ मध्ये आम्ही सिंगापूरला जाऊन आलो. तिकडे नातेवाईक नाहीत, काही कामही नव्हते. तेथील मोठ्या राईडमध्ये बसायचे होते, म्हणून गेलो. 'आम्ही' हे लिहिण्यापुरते. गेलो मात्र एकटेच.

परत आल्यापासून वस्तीत एकच चौकशी. "काका, मुलाकडे गेला होतात का?" "कुणाच्या टूरबरोबर गेलात?" दुबई-कतारला कामाला गेलेली माणसे आमच्या गल्लीत आहेत. बुद्धगया-लुंबिनीला जाऊन आलेली तर घरोघर आहेत. त्यांना 'कशाला गेलात' असे कोणी विचारीत नाही. बासष्ट वर्षांचा माणूस स्वतःच्या मौजेखातर विमानात बसला, याचा मात्र खुलासा द्यावा लागतो. तो येथे देतो, आणि सोबत हिशेबही देतो. आपल्या घरांतून असा बेत अडतो तो बहुधा हिशेबापाशीच.

गोष्ट १९९४ सालची. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले होते आणि त्याची जाहिरात पोरांच्या तोंडी बसली होती. कारखान्यातल्या आम्ही पाच कुटुंबांनी मिळून सहल काढली. कल्याणहून दादर, दादरहून बोरिवली, तेथून बस, मग खाडी ओलांडायला लाँच. बरोबर अकरा मुले, चपात्यांचे डबे, पाण्याचे थर्मास आणि कपड्यांच्या पिशव्या. आत गेल्यावर प्रश्न आला, सामान कोण सांभाळणार? आम्ही म्हणालो, "तुम्ही जाऊन या, मी बसतो." संध्याकाळपर्यंत बसलो. तिकीट आमचेही पूर्ण काढले होते! पुढे ठाण्याच्या टिकुजिनीवाडीलाही तेच झाले (मानपाडा ठाण्याचा, डोंबिवलीचा नव्हे). तेथे तर भिजलेल्या चपलांची रासच राखली. तक्रार कुणाविरुद्ध नाही, बसायला कोणी सांगितले नव्हते. पण २०२२ मध्ये एस्सेलवर्ल्ड बंद झाल्याचे वाचले तेव्हा चुकल्यासारखे झाले. जेथे दिवसभर बसलो तेथली एकही राईड आता मिळायची नव्हती.

पोस्टात पाच वर्षांची आर. डी. चालू होती, महिना हजार रुपयांची. ती २०२५ मध्ये पूर्ण झाली. आयुष्मतींनी विचारले, "याचे काय करायचे?" आम्ही सांगितले. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "माझे गुडघे त्या कामाचे नाहीत. तुम्ही जा. पण आधी बी. पी. तपासून घ्या." डॉक्टरांकडे गेलो. राईडच्या दाराशी हृदयविकार, रक्तदाब, मणक्याचा त्रास असणाऱ्यांसाठी पाटी असते, ती शोभेची नाही. आमचे सर्व ठीक निघाले.

डोंबिवलीची लेक म्हणाली, "बाबा, खोपोलीचे इमॅजिका जवळ असताना सिंगापूर कशाला?" तिचेही बरोबर होते. इमॅजिका २०१३ पासून सुरू आहे आणि खोपोली लोकल कल्याणहून थेट मिळते. म्हणून रंगीत तालीम म्हणून आधी तेथे एकटे जाऊन आलो. शनिवार-रविवार टाळला. दारावरचा माणूस विचारी, "किती जण?" आम्ही म्हणायचो, "एक." तो आमच्या मागे कोणी येते का, ते पाही. साध्या राईडमध्ये बसलो. निट्रो नावाच्या मोठ्या रोलर कोस्टरच्या रांगेतून मात्र शेवटच्या क्षणी बाहेर पडलो. घरी सांगितले, पाय दुखत होते. खरे कारण, हातातल्या पिशवीचे काय करावे ते सुचले नाही. त्या रात्रीच ठरले की जायचे.

स्टेशनजवळच्या एका टूरवाल्याकडे गेलो. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत जो आकडा होता त्याच्या खाली बारीक अक्षरांत 'ट्विन शेअरिंग' असे छापले होते. याचा अर्थ, तो दर दोघांनी एक खोली वाटून घेतली तर. एकट्या माणसाने पुढची रिकामी खाटही विकत घ्यायची. आमचा आकडा फुगून पंचाण्णव हजारांवर गेला. टूरवाला म्हणाला, "काका, कुणालातरी बरोबर घ्या, परवडेल." एका माणसाचा खर्च वाचावा म्हणून दुसऱ्याचा करायचा, हे गणित आम्हाला जमले नाही. शिवाय परदेशाच्या पॅकेजवर २०२० पासून टीसीएस कापला जातो. तो विवरणपत्र भरून परत मागता येतो, पण तोवर पैसे अडकतात. विमान, खाट आणि उद्यानाचे तिकीट वेगवेगळे घेतले, आणि टूरवाल्याला जयभीम घातला.

दोन शहरे डोळ्यांसमोर होती. हाँगकाँगचे डिस्नेलँड २००५ मध्ये सुरू झाले. तेथे थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्या आपल्या लोकांना व्हिसा लागत नाही. २०१७ पासून आगाऊ नोंदणी करावी लागते, आणि ती विनाशुल्क आहे. स्वस्त खोल्या त्सिम शा त्सुई भागातल्या चुंगकिंग मॅन्शन्स या जुन्या इमारतीत मिळतात. खोल्या अगदी काडेपेटीएवढ्या, पण इमारतीत आपल्याकडची माणसे भरपूर. तेथून उद्यानाला जायला मात्र दोनदा गाडी बदलावी लागते.

सिंगापूरचे युनिव्हर्सल स्टुडिओज २०१० मध्ये सेंटोसा बेटावर सुरू झाले. तेथे साठ वर्षांवरील माणसाला तिकीट बऱ्याच सवलतीत मिळते. पूर्ण तिकीट ऐंशी सिंगापूर डॉलरच्या पुढे जाते आणि त्या एका डॉलरला आपले साठाहून अधिक रुपये पडतात, तेव्हा ही सवलत लहान नव्हे. वयाचा असा फायदा आम्हाला प्रथमच झाला. व्हिसा लागतो, त्याचे शुल्क तीस सिंगापूर डॉलर आणि वर अधिकृत एजंटाची मजुरी. दोन-तीन ठिकाणी विचारावे, मजुरीत बराच फरक असतो. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत आगमनाचे कार्ड ऑनलाइन भरायचे असते. ते फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी संकेतस्थळे निघाली आहेत, त्यांच्या नादी लागू नये.

पासपोर्ट ठाण्याला वागळे इस्टेटच्या केंद्रात काढला. दहा वर्षांच्या साध्या पासपोर्टचे पंधराशे रुपये, आणि साठीवरील माणसाला नव्या पासपोर्टावर दहा टक्के सूट. आमचे काम एक महिना रखडले ते नावापायी. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव एका तऱ्हेने आणि आधारवर दुसऱ्या तऱ्हेने. आपल्या पिढीत हे घरोघर आहे. मास्तरांनी ऐकले तसे लिहिले. ज्यांना पुढेमागे जायचे आहे त्यांनी निदान ही दुरुस्ती आजच करून ठेवावी. आणि दहावी न झालेल्यांनी पासपोर्टावरच्या ईसीआर शिक्क्याला भिऊ नये. तो शिक्का ठराविक देशांत कामाला जाणाऱ्यांसाठी आहे, फिरायला जाणाऱ्याला अडवीत नाही.

जुलै मुद्दाम निवडला. आपल्या शाळा सुरू, पावसाळा जोरात, त्यामुळे विमान स्वस्त. तिकडच्या शाळांची जूनमधली सुटी संपलेली, म्हणून उद्यानात गर्दी कमी. स्वस्त तिकिटात हातातली सात किलोची पिशवी तेवढी होती. मोठी बॅग, जेवण, खिडकीची जागा, सर्वांचे पैसे वेगळे. सात किलोत चार दिवसांचे कपडे बसतात, चिवडाही बसतो. खिशातली तंबाखूची पुडी मात्र घरीच ठेवली. खाण्याच्या तंबाखूला त्या देशात बंदी आहे. चार दिवस ती सुटली होती; पुढचे विचारू नये.

मुक्कामाचा विचार सर्वांत जास्त केला. लेक मोबाइलवर स्वस्त हॉटेले दाखवी. गेलांग भागात दर कमी दिसले, पण तो भाग रात्रीच्या धंद्याचा आहे आणि कित्येक हॉटेले तासावर चालतात, असे कळले. शेवटी लिटल इंडिया भागात आठ खाटांच्या खोलीत एक खाट घेतली. तेथे खाट भाड्याने मिळते, खोली नाही. एकट्या माणसाची सोय याच पद्धतीत आहे. बायकांसाठी वेगळ्या खोल्याही बऱ्याच ठिकाणी असतात. लिटल इंडियाहून जांभळ्या मार्गाची मेट्रो कुठेही न बदलता हार्बरफ्रंटला जाते, आणि सेंटोसा त्याच्या समोरच. दुसरीकडे खाट थोडी स्वस्त होती, पण रोजच्या भाड्यात ती बचत गेली असती. रद्द करता येईल अशीच नोंदणी केली, व्हिसा न आला तर पैसे बुडायला नकोत. एक चूक झाली. रेल्वेत ज्येष्ठांना खालचा बर्थ बहुधा आपोआप मिळतो, तसे इथेही होईल असे वाटले. मागितला नाही, म्हणून वरची खाट मिळाली, आणि शिडीला पाहून गुडघे नसलेल्या आयुष्मतींची आठवण झाली. मद्रासकडचा एक पोरगा नोकरीच्या मुलाखतीला आला होता. त्याने न सांगता आपली चादर वर टाकली आणि "अंकल, नीचे" म्हणाला. दुसरी फजिती कुलपाची. कपाटाला स्वतःचे कुलूप लावायचे असते. आम्ही नेलेले अलिगडी कुलूप त्या कडीत शिरेना. लहान न्यावे.

विमान रात्रीचे होते, पण दुपारीच निघालो. पावसात मध्य रेल्वेचा भरवसा धरणारा माणूस कल्याणचा नव्हे. घाटकोपरला मेट्रो, मरोळ नाक्याला भुयारी मेट्रो आणि थेट विमानतळ. २०२४ पासून ही सोय झाल्याने टॅक्सीचे पैसे वाचले. सकाळी उतरलो. खाट दुपारी मिळणार होती, पिशवी काउंटरवर ठेवून घेतली. परतीचे विमानही रात्रीचे धरले, म्हणून पाच दिवसांत मुक्काम तीनच रात्रींचा पडला. जेवण टेक्का सेंटरला, गाड्यांवर जेवावे तसे. पाणी नळाचे, तेथे ते पिण्याजोगे असते, बाटली विकत घेण्याची गरज नाही. सर्व मिळून पन्नास हजारांच्या थोडे वर गेले. उरलेल्यात आयुष्मतींच्या गुडघ्यांचा एक्स-रे झाला.

सेंटोसाला मोनोरेल चार डॉलर घेते. पुलावरून चालत गेले तर काही पडत नाही, आणि छान वाटते. दारे उघडताच आत गेलो. रांग लवकर सरकावी म्हणून तेथे एक्स्प्रेस नावाचा जादा पैशांचा पास विकतात. एकट्या माणसाने तो घेऊ नये. काही मोठ्या राईडला 'सिंगल रायडर' अशी वेगळी रांग असते. गाडीत एखादी जागा रिकामी राहिली की त्या रांगेतला माणूस बसवतात. शेजारी कोण येईल, पुढे बसू की मागे, हे आपल्या हाती नसते. पण लोक साठ-सत्तर मिनिटे उभे होते आणि आम्ही पंधरा मिनिटांत आत. ज्या एकटेपणाचे टूरवाला जादा पैसे मागत होता, त्याच्यासाठी येथे स्वतंत्र दार होते. माणसाने विचारले, "वन?" आम्ही बोट वर केले. मागे कोण आहे ते त्याने पाहिले नाही.

आधी अंधारातली ममीची राईड केली. मग बॅटलस्टार गॅलॅक्टिका, एकमेकांशी झुंजणारे दोन रोलर कोस्टर, लाल आणि निळा. निळ्यात पाय लोंबकळतात, म्हणून लाल घेतला. आत जाण्याआधी सर्व वस्तू कपाटात ठेवाव्याच लागतात, खिशातली नाणीसुद्धा. थोडा वेळ त्याचे पैसेही पडत नाहीत. पिशवी आत सरकवली, दार लागले. हात मोकळे झाले तेव्हा ते कुठे ठेवावेत ते क्षणभर कळेना. वर गेल्यावर काय झाले ते सांगता येणार नाही. डोळे मिटले होते. खाली आल्यावर परत रांगेला लागलो आणि दुसऱ्या वेळी उघडे ठेवले.

दुसऱ्यांदा उतरून बाकावर दम खात होतो, तो बाजूला मराठी ऐकू आले. टूरबरोबर आलेले एक कुटुंब होते. बायको आणि दोन मुले रांगेकडे निघाली, आणि तो गृहस्थ पाच पिशव्या, एक टोपी, दोन छत्र्या घेऊन बाकावर बसला. "तुम्ही जा, मी आहे इथे," तो त्यांना म्हणत होता.

आम्ही उठून त्याला कपाटे कुठे आहेत ते दाखवले. तो म्हणाला, "एवढे सगळे मावायचे नाही त्यात." खरेच होते.

"मग आणा इकडे," आम्ही म्हणालो. "एकट्यांची रांग त्या बाजूला आहे, लवकर नंबर लागेल. माझी तिसरी फेरी बाकी आहे, तोवर या."