साहेबाची केवायसी

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून आहे. गेली बावीस वर्षे काचेपलीकडच्या माणसाला मी एकच प्रश्न विचारत आलो आहे – "तुम्ही तुम्हीच आहात, याला पुरावा काय?" शब्द अर्थात असे नसतात. "आधारची झेरॉक्स आणलीय का?" असे असतात. पण मतलब तोच. ज्या सदूकाकांनी लहानपणी मला खांद्यावर बसवून गणपती दाखवले, त्यांच्याकडेही मी फोटोचा एक आणि पत्त्याचा एक असे दोन पुरावे मागतो. ते म्हणतात, "अरे गाढवा, तुझ्या बारशाचे पेढे खाल्लेत मी!" मी म्हणतो, "काका, सिस्टिम ऐकत नाही."

सांगायचा मुद्दा, ओळख पटवून घेणे हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. आणि अशा माणसाला इंग्लंडला जाण्याचा योग आला.

झाले असे की, माझी धाकटी बहीण वर्षा लेस्टरला राहते. तिचा फोन आला, "दादा, मला इथलं नागरिकत्व मिळतंय. शपथविधी असतो. त्या दिवशी माहेरचं कोणीतरी हवं. तिकीट मी पाठवते." शेवटचे वाक्य ऐकून माझ्यातला भाऊ जागा झाला.

व्हिसासाठी बँकेचे स्टेटमेंट लागते. माझे स्टेटमेंट माझ्याच शाखेने दिले. शिक्का मारता मारता कुलकर्ण्याने ते वाचले आणि म्हणाला, "साहेब लोक तुला येऊ देतील रे, पण परत पाठवायचा खर्च कोण करणार?"

निघताना आमच्या हिने एकच अट घातली. "चॉकलेटं-बिकलेटं आणू नका, ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. अस्सल इंग्लंडची अशी एक वस्तू आणा. जोशीबाईंना दाखवता आली पाहिजे."

लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर उतरलो आणि वाटले, विमान चुकून भुलेश्वरला उतरले. साड्यांची दुकाने, सोन्याच्या पेढ्या, फरसाण, मिठाई! दिवाळीत या रस्त्यावर नगरपालिका दिव्यांची आरास करते आणि हजारो माणसे बघायला लोटतात. याच नगरपालिकेने १९७२ साली युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, की कृपया लेस्टरला येऊ नये. इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितले होते. त्यांतले सुमारे २८ हजार ब्रिटनला आले. असे म्हणतात, की ती जाहिरात वाचूनच पुष्कळांना लेस्टर नावाचे गाव आहे हे कळले. यात नवल नाही. आमच्या बँकेत "येथे उभे राहू नये" अशी पाटी लावली की पहिली रांग तिथेच लागते.

वर्षाच्या शेजारी त्या वेळी कंपालाहून आलेल्या एक 'बा' राहतात. एक सूटकेस घेऊन उतरल्या होत्या म्हणे. आता पांढऱ्या साडीवर लोकरी कोट घालतात आणि हवेबद्दल अस्सल इंग्रजासारखी तक्रार करतात. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "आ नवा लोको बहु आवे छे, भाई. लाइनमां ऊभाज नथी रहेता!" नवे लोक म्हणजे कोण? तर गेल्या पाच-दहा वर्षांत आलेले. मी आदल्याच दिवशी आलो होतो. मी मुकाट्याने खुर्चीवरून उठून उभा राहिलो.

विमानप्रवासामुळे रात्री झोप येईना. मग वर्षाने ज्या पुस्तकावरून नागरिकत्वाची परीक्षा दिली, ते वाचायला घेतले. २४ प्रश्न, ४५ मिनिटे, निदान १८ उत्तरे बरोबर हवीत. आठव्या हेन्रीच्या सहा बायका क्रमाने पाठ कराव्या लागतात. आमच्या सीएआयआयबीपेक्षा हे बरे. तिथे तीनदा बसूनही मी बायका सोडाच, व्याजाचे नियमही क्रमाने सांगू शकलो नव्हतो. पण वाचता वाचता माझ्यातला कारकून जागा झाला. म्हटले, हा देश एवढ्या लोकांची केवायसी करतो, आपण याचीच का करू नये?

सुरुवात संरक्षक संतापासून केली. सेंट जॉर्ज. ज्याचा लाल क्रूस झेंड्यावर आहे तो. परंपरा त्याला आजच्या तुर्कस्तानातल्या कॅपॅडोशियाचा मानते. इंग्लंडात त्याने पाऊल टाकल्याचा पुरावा नाही. पत्त्याचा पुरावा नापास.

मग राजघराणे. १७१४ साली गादीवर बसलेला पहिला जॉर्ज जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. त्याला इंग्रजी धड येत नसे. आज नागरिकत्वाचा अर्ज करणाऱ्याला इंग्रजी येते असे सिद्ध करावे लागते. त्या नियमाने राजेसाहेब खिडकीवरूनच परत गेले असते. पुढे १९१७ साली, जर्मनीशी लढाई चालू असताना जर्मन नाव बरे दिसेना, म्हणून घराण्याने सॅक्स-कोबर्ग-गोथा टाकून विंडसर हे नाव घेतले. आमच्याकडे लग्न झालेल्या पोरीने आडनाव बदलले तरी आम्ही विवाहाचा दाखला मागतो.

आता चहा. चहा चीनचा. इंग्लंडच्या दरबारात त्याचे प्रस्थ वाढले ते पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिच्यामुळे. १६६२ साली ती दुसऱ्या चार्ल्सची राणी झाली आणि तिच्या हुंड्यात आपली मुंबई गेली. म्हणजे चहा आणि मुंबई साहेबाच्या घरी एकाच रुखवतात आली. पुढे त्यात साखर पडली ती वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या घामाची. बशी तेवढी साहेबाची म्हणावी, तर चिनीमाती हे नावच फितूर होते.

दुसऱ्या दिवशी हिच्या अस्सल वस्तूच्या शोधात अविनाशबरोबर बाजारात गेलो. अविनाश म्हणजे वर्षाचा नवरा, शांत माणूस. मी वस्तू उचलायची आणि त्याने तिचे कुळ सांगायचे, असा कार्यक्रम झाला.

"टेटलीचा चहा?"

"दादा, २००० सालापासून टाटांचा."

"कॅडबरी?"

"२०१० साली अमेरिकन कंपनीने घेतली."

"ती छोटी मिनी मोटार? खेळण्यातली तरी?"

"तिचा आराखडा केला तो इसिगोनिस आत्ताच्या तुर्कस्तानात जन्मलेला. आणि कंपनी आता जर्मन."

"निदान मार्क्स अँड स्पेन्सरचा सदरा तरी?" मार्क्स म्हणजे पोलंडकडून रशियन अमलातून आलेला एक ज्यू निर्वासित, १८८४ साली लीड्सच्या बाजारात टपरी टाकून बसला, असे कळले. सदऱ्याच्या कॉलरवर बांगलादेश लिहिले होते. भूक लागली म्हणून मासे आणि बटाट्याच्या फोडी खायला बसलो, तर तळलेला मासा ज्यू लोकांनी आणलेला आणि बटाटा दक्षिण अमेरिकेचा! करीचे तर विचारूच नका. पाटण्याच्या दीन महंमदाने १८१० साली लंडनमध्ये पहिली खानावळ काढली; ती बुडाली. पण २००१ साली परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिका मसाला हे ब्रिटनचे खरे राष्ट्रीय पक्वान्न आहे, असे भर सभेत सांगून टाकले.

शेवटी एक चपटी बाटली दिसली. एचपी सॉस. लेबलवर साक्षात पार्लमेंटचे चित्र. हीच ती! असे म्हणून घेतली. घरी येऊन चष्मा लावून घटक वाचले, तर टोमॅटो, व्हिनेगर, काकवी, खजूर... आणि चिंच! मालकी अमेरिकन. बर्मिंगहॅमचा कारखाना २००७ साली बंद होऊन बाटल्या हॉलंडात भरू लागल्या.

मी विजयी मुद्रेने सगळ्यांना सांगितले, "या देशाचं स्वतःचं असं काही नाहीच!"

त्या दिवशी संकष्टी होती. वर्षाने माझ्यासाठी साबुदाण्याची खिचडी केली होती. मी म्हटले, "हे बघ, याला म्हणतात आपलं!" माझी भाची ईशा दहा वर्षांची आहे. ती शांतपणे म्हणाली, "मामा, साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो ब्राझीलचा. बटाटा, मिरची, शेंगदाणे सगळं तिकडूनच पोर्तुगीजांनी आणलं. मग यात तुझं काय आहे?"

मी खिचडीकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणालो, "उपास."

सगळे हसले. मीही हसलो. पण पुढे घास घेता घेता वाटले, की हे मी विनोदाने बोललो असलो तरी माझा दिवसभराचा निकाल चुकला होता. माल कुठलाही असो, तो कधी आणि कसा खायचा हे ज्यांनी ठरवले त्यांचा तो झाला. चहा चीनचा असेल. पण घरात कोणी रडत आले की आधी आधण ठेवायचे, हे साहेबाचे. रांगही त्याची. कंपालाच्या बा ती शिकल्या, आणि रांग मोडणाऱ्यावर कुरकुरण्याचा हक्कही त्यांनी कमावला.

फरक एवढाच, की चिंचेला कोणी परीक्षेला बसवले नाही. माणसांना मात्र बसवतात. १९४८ साली 'विंडरश' बोटीतून आणि पुढच्या वर्षांत वेस्ट इंडीजमधून कित्येक माणसे ब्रिटनला आली. बस चालवल्या, दवाखान्यांत राबली. त्यांच्याबरोबर पोरवयात आलेल्यांना पन्नास-पन्नास वर्षांनी सरकारने विचारले, तुम्ही इथलेच याला पुरावा काय? कोणाच्या नोकऱ्या गेल्या, काहींना देशाबाहेर काढले. २०१८ साली सगळे बाहेर आले. त्यांच्या आगमनाची कार्डे २०१० साली सरकारी खात्यानेच नष्ट केली होती. बँकेने लेजर जाळावे आणि म्हाताऱ्या ग्राहकाला म्हणावे, तुमचे खातेच नाही! हे वाचले त्या रात्री मला काही विनोद सुचला नाही. सदूकाका आठवत राहिले.

शपथविधीला वर्षा पैठणी नेसली. नगरपालिकेच्या सभागृहात राजा चार्ल्सचा फोटो होता आणि पुढे नायजेरिया, रुमानिया, फिलिपाइन्स अशा साऱ्या जगाची माणसे उभी होती. सगळ्यांनी राजाशी आणि त्याच्या वारसांशी निष्ठेची शपथ घेतली, राष्ट्रगीत म्हटले. साहेब टाळ्या वाजवत होते. मला मात्र बिदाईच्या वेळी मांडवात उभे असल्यासारखे वाटत होते.

बाहेर आल्यावर वर्षाने डोळे पुसले. "दादा, आता आपला पासपोर्ट परत करायचा. आपल्याकडे दोन्ही ठेवता येत नाहीत. रद्दचा शिक्का मारून देतात." थोडे थांबून म्हणाली, "मग मी आता कोण रे?"

बावीस वर्षे हाच प्रश्न मी दुसऱ्यांना विचारला होता. उत्तर देण्याची वेळ प्रथमच आली. म्हटले, "शाखा बदललीस. खातं तेच आहे."

"मग घरी येताना?"

"ओसीआय कार्ड काढायचं. फोटो आणि कागदपत्रं जोडून."

"म्हणजे तूसुद्धा पुरावा मागणार!" ती म्हणाली आणि रडता रडता हसली. अविनाशने आपला निळा पासपोर्ट दाखवून तिला धीर दिला. युरोपातून बाहेर पडल्यावर २०२० साली ब्रिटनने मोठ्या अभिमानाने हा जुना निळा रंग परत आणला. तयार होतो पोलंडमध्ये.

घरी आल्यावर हिने बाटली उघडली. बोटावर थेंब घेऊन चाटला. "अहो, ही तर भेळेची चटणी! हिच्यासाठी सात हजार किलोमीटर गेलात?" पण बाटली तिने टाकली नाही. शनिवारी भेळ केली, जोशीबाईंना बोलावले. जोशीबाई डोळे मिटून म्हणाल्या, "काही म्हणा, साहेबाच्या चटणीची चव आपल्या चिंचेला नाही!"

सोमवारी सदूकाका बँकेत आले. झेरॉक्स विसरले होते. सिस्टिम ऐकतच नाही, त्याला माझा इलाज नाही. पण आधार कार्ड त्यांच्याकडून घेऊन झेरॉक्स मी स्वतः काढून आणली.