पॉयरोचं काय करायचं?

अगाथा ख्रिस्तीच्या कादंबरीचं नाटक करायला बसलं की पहिली अडचण खुद्द तिच्या गुप्तहेराची, पॉयरोचीच होते. पुस्तकात तो एकेकाला समोर बसवून प्रश्न विचारतो आणि आपण भराभर पानं उलटतो. रंगमंचावर तीच चौकशी लांबली की सभागृहात खोकल्याची साथ येते. शिवाय हा गृहस्थ गप्प बसला तरी प्रेक्षक त्याच्याकडेच बघतात. ज्यांचा संशय यायला हवा, ते कोपऱ्यात वाया जातात.

ख्रिस्तीबाईंनी यावर जालीम उपाय केला. ‘डेथ ऑन द नाइल’चं नाटक लिहिताना त्यांनी पॉयरोला काढूनच टाकलं. ‘द हॉलो’च्या १९५१ च्या नाटकातही तो नाही. मूळ कादंबरीच त्याच्यामुळे बिघडली, असं त्यांचं मत होतं! त्याआधी, १९२८ साली, मायकेल मॉर्टननं ‘रॉजर अ‍ॅक्रॉइड’वरून ‘अ‍ॅलिबाय’ लिहिलं. त्याला पॉयरो तरुण आणि देखणा हवा होता. बाईंनी तो बेत हाणून पाडला; पण गोष्टीतल्या डॉक्टरची भोचक, प्रौढ बहीण कॅरोलाइन जाऊन तिथे एक तरुण मुलगी आलीच. माझ्या मते नाटकाचं खरं नुकसान तिथे झालं. गावभरच्या बातम्या घरबसल्या आणणारी बाई कोणता नाटककार सोडेल?

(‘अ‍ॅक्रॉइड’ वाचली नसेल त्यांनी पुढचा परिच्छेद गाळावा.)

या कादंबरीत गोष्ट सांगणारा डॉक्टरच खुनी आहे. खुनाच्या वेळची दहा मिनिटं तो दोन वाक्यांच्या मधे गडप करतो. रंगमंचावर निवेदक गेला की ही सोय गेली. मग सुगावा म्हणून उरते ती खुनाच्या खोलीतली जागेवरून हललेली खुर्ची. पुस्तकात तिचा उल्लेख बटलरच्या बोलण्यात ओझरता येतो. नाटकात ती सगळ्यांसमोर असते. म्हणून मी ती आधीच्या प्रवेशात भिंतीजवळ ठेवतो, तिथे कुणाला तरी बसवतो, आणि प्रेत सापडल्यावर सगळे धावतात तेव्हा पुढे ओढलेली दाखवतो. प्रेक्षकांचे डोळे प्रेतावर असतात, खुर्ची मात्र त्यांनी पाहिलेली असते.

पॉयरोला मी काढत नाही. उशिरा आणतो आणि त्याचे निम्मे प्रश्न इतरांच्या आपसातल्या भांडणात वाटून टाकतो. सगळ्यांना एका खोलीत जमवून केलेला शेवटचा उलगडा मुळातच नाटकाचा आहे. तिथे कात्री लावू नये.

हे काम करणाऱ्यांना एकच सुचवतो. पहिल्या वाचनाला गोष्ट माहीत नसलेला एक जण बसवा आणि खुनी कोण ते त्याला मध्यंतरातच विचारा. बरोबर सांगितलं, तर पहिला अंक पुन्हा लिहायला घ्या.