मागच्या माणसाचा रस्ता

मोटारसायकलीवर दोन माणसे बसली की दोघांचा रस्ता एकच असतो, असा आपला सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः तसे नसते. पुढे बसणाऱ्याला खड्डा आधी दिसतो. त्याचे हात मुठीवर असतात, पाय भक्कम आधारावर असतात, आणि चाक खड्ड्यात उतरण्यापूर्वीच त्याचे शरीर नकळत सावरून घेते. शिवाय तो दोन्ही चाकांच्या मधोमध बसलेला असतो. मागच्याला यांतले काहीच लाभत नाही. त्याला दिसते ती पुढच्याची पाठ, आणि तो बसतो जवळजवळ मागच्या चाकाच्या डोक्यावर. पुढच्याला जो नुसता हिसका, तो मागच्याला तडाखा. यास्तव मागचे शॉकॲब्सॉर्बर, ज्यांना गॅरेजात सरसकट ‘शॉकप’ म्हणतात, झिजले आहेत की नाहीत हे गाडी चालवणाऱ्याला विचारून कळत नाही. ते मागे बसणाऱ्याला विचारावे लागते.

या भेदाला इतिहासही आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या बहुतेक मोटारसायकलींत मागचे चाक सांगाड्यालाच पक्के जोडलेले असे. चालकाच्या बैठकीखाली स्प्रिंगा असत. मागच्याच्या वाट्याला मात्र बहुधा मडगार्डावर बसवलेली लहानशी गादी येई. १९४८ साली रॉयल एनफील्डने बुलेट गाडी नव्या रूपात पुढे आणली. तिचे मागचे चाक खालीवर हलणाऱ्या चिमट्यात बसवलेले होते, आणि त्या चिमट्याला दोन बाजूंस दोन शॉकॲब्सॉर्बर होते. पुढे १९५५ साली मद्रास येथे एनफील्ड इंडिया स्थापन झाली आणि ही गाडी आपल्याकडच्या रस्त्यांवर रुळली. तेव्हापासून मागच्या माणसाच्या पाठीचा भार त्या दोन नळकांड्यांनी उचलला, असे म्हणण्यास हरकत नाही.

आपल्या कायद्यानेही मागच्याचा विचार केला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२३ व्या नियमाप्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी, पाय ठेवायला आधार, आणि साडी-धोतर चाकात जाऊ नये म्हणून निदान अर्धे चाक झाकणारे आवरण असावे लागते. परंतु कडी मोडली तर ती कोणालाही दिसते. शॉकप निकामी झाला तर तो जागच्या जागी, दिसायला धडधाकट, तसाच उभा राहतो.

गेल्या पावसाळ्यानंतर माझ्याकडे एक जुनी मोटारसायकल आली. पूर्वीचा मालक बहुतेक एकटाच फिरणारा होता. आमच्या खानापूर तालुक्यात जांबोटीकडच्या बाजूला वाड्या दूरदूर पसरलेल्या आहेत, आणि आजाऱ्यांच्या भेटीला जाताना एक निवृत्त गुरुजी माझ्या मागे बसून येतात. वय पंचाहत्तरीपुढचे. त्यांच्यावाचून मी एखाद्या दारात उभा राहिलो तर पाहुणा असतो; त्यांच्यासह गेलो की घरचा होतो. गाडी येऊन आठवडाही झाला नसेल. दुसऱ्याच फेरीहून परतल्यावर ते सावकाश खाली उतरले, कमरेवर हात ठेवून थोडे थांबले आणि म्हणाले, “फादर, पुढच्या खेपेला मी बसनं येतो.”

त्या वाडीला बस जात नाही. हे मला ठाऊक होते, आणि त्यांनाही होते.

मागे बसणारी माणसे बहुधा तक्रार करीत नाहीत. गाडी दुसऱ्याची, उपकार दुसऱ्याचा, बोलायचे कसे? ती फक्त येणे थांबवतात.

त्याच संध्याकाळी गाडी तपासली. परीक्षा सोपी आहे, आणि ती कोणत्याही वाचकाला करता येईल. गाडी सरळ उभी धरून मागची बैठक दोन्ही हातांनी जोराने खाली दाबावी आणि सोडावी. चांगला शॉकप एकदा वर येतो आणि स्थिरावतो. ही गाडी दोन-तीन वेळा डोलली. मग दांड्याकडे पाहावे. तेथे तेलाचा ओघळ आणि त्यावर धुळीचा काळा लेप दिसला, तर आतले सील गेले असे समजावे. येथे दोन्ही बाजूंना तेच होते.

हे का घडते, ते समजून घेण्यासारखे आहे. शॉकपमध्ये दोन कामकरी असतात. बाहेरची स्प्रिंग भार पेलते आणि धक्का पोटात घेते. परंतु घेतलेला धक्का ती स्वतःजवळ ठेवीत नाही, लगेच परत फेकते. आतल्या नळीत तेल असते आणि बारीक छिद्रांचा एक दट्ट्या त्या तेलातून खालीवर जातो. अरुंद वाटेने जाताना तेल अडते, आणि स्प्रिंगचा आवेग उष्णतेत जिरून जातो. सील झिजून तेल गळाले की हा दुसरा कामकरी नाहीसा होतो. स्प्रिंग शाबूत असल्यामुळे गाडी बसत नाही, उभीच दिसते. पण प्रत्येक खड्ड्यानंतर ती उसळत राहते. ही केवळ सुखाची गोष्ट नव्हे. उसळलेले चाक क्षणभर रस्ता सोडते, आणि रस्ता सोडलेल्या चाकाला ब्रेक लावून काही उपयोग नसतो. ओल्या वळणावर, मागे वृद्ध माणूस असताना, तो क्षण फार मोठा ठरतो.

पुष्कळ लोक अशा वेळी स्प्रिंगखालची कडी फिरवून ती अधिक ताणून घेतात. त्याने गाडी थोडी उंच बसते, परंतु गेलेले तेल परत येत नाही. उलट उसळी वाढते. आमच्या मिस्त्रींनी नवे सील घालून तेल भरण्याचाही विचार केला. परंतु दांड्यावर गंजाचे खळगे पडले होते, आणि असा दांडा नवे सीलही थोड्याच दिवसांत कापतो. म्हणून नवी जोडीच आणली. एकच बदलून चालत नाही. एक बाजू ताठ आणि दुसरी सैल राहिली तर चिमट्यावर तिरका ताण पडतो.

नव्या जोडीची वरच्या डोळ्यापासून खालच्या डोळ्यापर्यंतची लांबी जुन्याइतकीच आहे ना, हे प्रथम मोजले. गाडी डबल स्टँडवर घेतली आणि चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवला, म्हणजे चिमटा खाली लोंबत नाही. मग एका वेळी एकच बाजू. डावा काढून नवा डावा बसवीपर्यंत उजव्याला हात लावला नाही. वरचे आणि खालचे नट सोडले, वायसर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने फडक्यावर मांडले, आणि गंजलेले खुंटे घासून साफ केले. डोळ्यांतील रबरी बुशांना इंजिनचे तेल लावू नये. त्याने रबर फुगते. शेवटचा आवळ गाडी दोन्ही चाकांवर उभी केल्यावर दिला, म्हणजे बुश पिळलेले राहत नाहीत. दोन्ही कड्या एकाच खाचेवर ठेवल्या, आणि गाडीची उंची किंचित बदलल्यामुळे साखळीची ढिलाई पुन्हा पाहिली. जुने शॉकप उघडण्याचा मोह मात्र कोणी धरू नये. आत दाबलेली स्प्रिंग असते. ती योग्य साधनावाचून सोडली तर हाडही मोडू शकते.

काम तासाभरात झाले. नंतर मी किल्ली मिस्त्रींच्या हाती दिली आणि स्वतः मागे बसलो. जांबोटीच्या रस्त्याला दोन मैल गेलो आणि आलो. त्या आसनावरून रस्ता निराळाच दिसतो. अधिक खरे सांगायचे तर तो दिसतच नाही, फक्त लागतो. तरी पाठीला लागला तो बेताचाच. पुढच्या गुरुवारी गुरुजी आले. उतरल्यावर त्यांनी कमरेवर हात ठेवला नाही. पुढच्या घरी कोण आजारी आहे, तेच सांगू लागले.

वाचकहो, ज्यांच्या घरी जुनी मोटारसायकल आहे आणि जे तिच्यावरून पत्नीला, मुलांना वा वडीलधाऱ्यांना नेतात, त्यांनी वर्षातून एकदा, विशेषतः पावसाळ्यानंतर, ही परीक्षा अवश्य करावी. बैठक दाबून पाहावी, दांडा निरखावा. आणि त्याहून सोपे म्हणजे, नेहमी मागे बसणाऱ्याला एकदा मोकळेपणाने विचारावे, आणि उत्तर “ठीक आहे” असे आले तरी, किल्ली दुसऱ्याच्या हाती देऊन त्याच रस्त्याने एकदा स्वतः मागे बसून यावे.